बेचाळीस दिवसांचे औषध : हृदयाच्या झडपेवरचे जंतू आणि पुरेशा मात्रेचा इतिहास

१/ वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, चंद्रपूरच्या आग्नेयेस गोंडपिपरी तालुका आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा, वर्धेपलीकडे तेलंगण. या जंगलपट्ट्यात लांबलेला ताप म्हटला की पहिला संशय हिवतापाचा येतो, आणि तो रास्तही असतो. पण क्वचित असा ताप हृदयाच्या झडपेवर बसलेल्या जंतूंचा असतो. त्यावर अनेकदा सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस, शिरेवाटे औषध द्यावे लागते. हा आकडा कोठून आला आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनी तो कसा अधिक अवघड केला, याचा हा इतिहास.

२/ या आजाराचे नाव एंडोकार्डायटिस. हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुधा झडपांना, होणारा जंतुसंसर्ग. निरोगी झडपेवर जंतू सहसा टिकत नाहीत. संधिवाताच्या तापाने खडबडीत झालेली, जन्मतः सदोष किंवा बदलून बसवलेली कृत्रिम झडप मात्र त्यांना आसरा देते. तेथे रक्तातील तंतू आणि बिंबिका यांचा थर जमतो, जंतू त्या थरात दडतात आणि एखाद्या लहानशा कोंबासारखी गाठ वाढू लागते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो.

३/ १८८५ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम ऑस्लर या कॅनेडियन वैद्याने या आजारावर तीन व्याख्याने दिली. विखुरलेल्या नोंदी त्यांनी एकत्र आणल्या आणि ताप, हृदयातील बदलता आवाज, शरीरभर उमटणाऱ्या खुणा यांची संगती लावली. निदान अशा रीतीने हळूहळू हाती येत गेले. उपचार मात्र नव्हता. पुढील साठ वर्षे या आजाराचे नाव उच्चारणे म्हणजे जवळजवळ मृत्यूची वार्ता सांगणेच होते.

४/ प्रख्यात संगीतकार गुस्ताव माहलर यांची कथा या काळाची साक्ष देते. त्यांच्या झडपेतील दोष १९०७ साली लक्षात आला होता. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांना ताप येऊ लागला. रक्ताचे कल्चर केले आणि त्यात स्ट्रेप्टोकॉकस जंतू वाढला. रोगाचे नाव कळले, रोग घडवणारा जंतू डोळ्यांना दिसला. पण त्याला मारील असे काही जगात कोणापाशीच नव्हते. माहलर पॅरिसला गेले, तेथून व्हिएन्नाला. १८ मे १९११ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी ते वारले.

५/ पेनिसिलीनचा शोध १९२८ चा, अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा. त्याला औषधाचे रूप देण्याची खटपट १९४० मध्ये ऑक्सफर्डला चालू होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. मार्टिन हेन्री डॉसन यांनी स्वतः तयार केलेले थोडेसे पेनिसिलीन रुग्णांना टोचले. ते रुग्ण एंडोकार्डायटिसचेच होते. इंजेक्शनाने दिलेल्या पेनिसिलीनच्या इतिहासाचा आरंभ असा हृदयाच्या झडपेपाशी झाला. मात्र हाती असलेली मात्रा नगण्य होती.

६/ मात्रा अपुरी पडली की काय होते, हे १९४१ मध्ये ऑक्सफर्डला दिसले. अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाच्या अंगात जंतुसंसर्ग पसरला होता. १२ फेब्रुवारीस पेनिसिलीन सुरू झाले आणि काही दिवसांत तो सुधारू लागला. साठा मात्र संपत आला. त्याच्या मूत्रातून औषध परत काढून पुन्हा टोचण्यात आले. तेही संपले, संसर्ग उलटला आणि १५ मार्च रोजी त्याचा मृत्यू झाला. औषध गुणकारी ठरले होते; ते पुरले नव्हते.

७/ पुढे महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेत पेनिसिलीन कोणास द्यायचे हे ठरवण्यासाठी डॉ. चेस्टर कीफर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सैनिकांच्या जखमांना अग्रक्रम होता. एंडोकार्डायटिसच्या रुग्णांवर केलेले पहिले प्रयोग निराशाजनक ठरल्याने त्यांच्यासाठी औषध खर्चू नये, असे समितीचे मत पडले. टंचाईच्या काळात हा निर्णय तर्कशुद्ध वाटतो. पण मुळात ते प्रयोग तुटपुंज्या मात्रेने, थोडक्या दिवसांत केलेले होते.

८/ ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमधील डॉ. लिओ लोव यांना हे मत मान्य नव्हते. त्यांनी फायझर कंपनीच्या जॉन स्मिथ यांच्याकडे औषध मागितले. फायझरने तोवर मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलीन काढण्याचे तंत्र साधले होते. लोव यांनी ते शिरेतून थेंबथेंब, सतत आणि दीर्घकाळ दिले. १९४४ च्या जानेवारीत त्यांनी लागोपाठ सात रुग्ण बरे झाल्याचे प्रसिद्ध केले. औषध जुनेच होते. बदलली होती ती त्याची मात्रा आणि मुदत.

९/ इतकी मात्रा का लागते? झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशी गाठीच्या आत नीट पोहोचत नाहीत. आतले जंतू दाटीवाटीने राहतात आणि संथपणे वाढतात. पेनिसिलीन तर वाढत्या जंतूंनाच मारते. न्यूमोनियात औषध जंतूंना रोखून धरते आणि उरलेले काम शरीर करते. झडपेवर शरीराची मदत नसते. तेथे शेवटचा जंतू औषधालाच मारावा लागतो. म्हणून दिवसाला एक ते दोन कोटी युनिट पेनिसिलीन आणि चार ते सहा आठवड्यांची मुदत.

१०/ मात्र जंतूही रिकाम्या हाताने आलेले नव्हते. १९४० च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलीनचा नाश करणारे जिवाणूंचे विकर प्रसिद्धही केले होते. म्हणजे औषध बाजारात येण्यापूर्वीच त्याच्यावरचा उतारा निसर्गात हजर होता. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी इशारा दिला, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. लोव यांच्या यशाची आणि फ्लेमिंग यांच्या भीतीची गुरुकिल्ली एकच होती.

११/ स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारत पेनिसिलीनसाठी परदेशावर अवलंबून होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. आजही पिंपरीकर तिला ‘एचए’ म्हणूनच ओळखतात. ऑक्सफर्डचा शिपाई ज्या टंचाईने गेला, त्या टंचाईवरचे उत्तर महाराष्ट्राच्या मातीत अशा तऱ्हेने उभे राहिले.

१२/ पुढे येथेच स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. झडपेच्या दृष्टीने ही जोडी महत्त्वाची होती. आतड्यात राहणारा एंटेरोकॉकस हा जंतू झडपेवर बसला की एकट्या पेनिसिलीनने तो दबतो, मरत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांना आढळले, की पेनिसिलीनने त्याची भिंत सैल केली तर स्ट्रेप्टोमायसिन आत शिरते आणि दोन्ही मिळून त्याचा निकाल लावतात. पुढे स्ट्रेप्टोमायसिनची जागा जेंटामायसिनने घेतली. दोन औषधांची युती हे प्रतिरोधाला मिळालेले पहिले प्रत्युत्तर होय.

१३/ दुसरा शत्रू अधिक उग्र होता. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्वचेवर व नाकात राहणारा जंतू धडधाकट झडपही काही दिवसांत पोखरतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या जंतुशास्त्रज्ञ बाईंनी त्याची मोजदाद ठेवली. १९४८ पर्यंत तेथील निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकॉकस पेनिसिलीनला जुमानेनासे झाले होते. पेनिसिलीन सर्रास मिळू लागून तेव्हा पाच वर्षेही लोटली नव्हती.

१४/ मग रसायनशास्त्रज्ञांनी पेनिसिलीनला असा मुलामा चढवला की जंतूच्या विकराला ते तोडता येईना. १९५९ च्या सुमारास आलेल्या या औषधाचे नाव मेथिसिलीन. १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून मेथिसिलीनलाही न बधणारे तीन जंतुनमुने नोंदवले. या जंतूने औषध तोडण्याचा नाद सोडला होता. औषध जेथे चिकटते ते प्रथिनच त्याने बदलले होते. कुलूप बदलले तेव्हा किल्ली कितीही मजबूत असून उपयोग नव्हता. आज एमआरएसए या अक्षरांनी रुग्णालये त्याला ओळखतात.

१५/ आता नवी किल्ली हवी होती आणि ती जमिनीत सापडली. बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्याने १९५२ च्या सुमारास मातीचा नमुना अमेरिकेतील एलाय लिली कंपनीकडे पाठवला. त्यातील जिवाणूपासून व्हँकोमायसिन मिळाले; १९५८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीचे औषध इतके अशुद्ध व तपकिरी होते, की संशोधक त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत. एमआरएसए पसरला तेव्हा याच चिखलाने अनेकांच्या झडपा वाचवल्या.

१६/ त्याच कुळातले दुसरे औषध भारतीय मातीतून आले, हे फारसे कोणास ठाऊक नसते. इटलीच्या लेपेटिट कंपनीच्या संशोधकांनी १९७८ मध्ये एका नव्या जिवाणूचे वर्णन केले. ज्या मातीत तो सापडला ती इंदूरजवळच्या निमोडी गावची होती. होळकरांच्या ज्या इंदुरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याच परिसरातले हे गाव. या जिवाणूपासून टायकोप्लॅनिन तयार झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते युरोपात वापरात आले. अमेरिकेत त्याला आजवर मान्यता नाही.

१७/ टायकोप्लॅनिन शरीरात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे सुरुवातीच्या भारी मात्रांनंतर ते दिवसातून एकदा देऊन भागते. गरज पडल्यास स्नायूतही टोचता येते. परंतु स्टॅफिलोकॉकसच्या एंडोकार्डायटिसवर ते प्रथम कमी मात्रेत वापरले गेले, तेव्हा अपयशाच्या नोंदी आल्या. मात्रा वाढवल्यावर चित्र पालटले. १९४३ चा धडा चार दशकांनी, नव्या औषधाच्या नावाने, पुन्हा गिरवावा लागला.

१८/ डॅप्टोमायसिनची कथा तर याहून बोलकी आहे. तुर्कस्तानातील अरारात पर्वताच्या मातीतून ते निघाले. १९८० च्या दशकात लिलीने त्याच्या चाचण्या घेतल्या. कमी मात्रा खोलवरच्या संसर्गाला पुरेना आणि जास्त मात्रा दिवसातून दोनदा दिली तर स्नायूंना इजा होई. औषध बासनात गेले. क्यूबिस्ट या छोट्या कंपनीने १९९७ मध्ये ते हाती घेतले. तीच मात्रा दिवसातून एकदाच दिल्यास स्नायू शाबूत राहतात, असे दिसून आले. २००६ मध्ये अमेरिकेत स्टॅफिलोकॉकसच्या रक्तसंसर्गासाठी व हृदयाच्या उजव्या बाजूच्या एंडोकार्डायटिससाठी त्याला मान्यता मिळाली. किती द्यावे याइतकेच केव्हा द्यावे हेही निर्णायक ठरले.

१९/ औषध हरले तर शस्त्र उरते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी संसर्ग झालेली झडप कापून तेथे कृत्रिम झडप बसवली आणि १९६५ मध्ये ती हकिगत प्रसिद्ध केली. जंतूंच्या घरात परकी वस्तू ठेवणे तोवर वेडेपणाचे मानले जाई. भारतात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने स्वदेशी झडप घडवली. ती डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णात बसवली गेली. गरीब देशातील रुग्णासाठी ही मोठीच उपलब्धी. मात्र शस्त्रक्रियेनंतरही प्रतिजैविकांचे आठवडे चुकत नाहीत.

२०/ इकडे जंतू थांबलेले नव्हते. १९८८ मध्ये युरोपातून व्हँकोमायसिनला दाद न देणारे एंटेरोकॉकस नोंदले गेले. २०१० मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी एक नोंद प्रसिद्ध केली. कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जंतुनमुने त्यांनी तपासले होते; त्यांतील २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक आढळले. हे आतड्यातले जंतू झडपेवर क्वचित बसतात. पण कृत्रिम झडप असलेल्या किंवा दीर्घकाळ रुग्णालयात पडून राहिलेल्या रुग्णासाठी ही बातमी घराजवळची होती. १ मार्च २०१४ पासून देशात अनेक प्रतिजैविकांची विक्री अनुसूची एच-१ खाली आणून दुकानदाराला नोंद ठेवणे बंधनकारक झाले.

२१/ हा सारा इतिहास गोंडपिपरीच्या नकाशावर ठेवून पाहिला, म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो. चंद्रपूर सुमारे पन्नास किलोमीटर, नागपूर सुमारे दोनशे. बेचाळीस दिवस म्हणजे तेंदूपत्त्याचा अख्खा हंगाम, किंवा धानाच्या रोवणीचा सगळा काळ. रुग्णासोबत घरातील आणखी एक माणूस अडकतो, त्याची मजुरी बुडते. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरतो, अंगात बळ येते आणि घरची वाट दिसू लागते. पण ताप उतरणे म्हणजे झडप निर्जंतुक होणे नव्हे. ऑक्सफर्डच्या शिपायाला अपुरी मात्रा टंचाईने मिळाली. येथे ती अंतराने आणि दारिद्र्याने मिळू शकते.

२२/ आरंभीची चूकही तितकीच महाग पडते. लांबलेल्या तापावर आधी चार दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या दिल्या जातात. त्यांनी झडपेवरचे जंतू मरत नाहीत. फक्त रक्तातले जंतू काही काळ दिसेनासे होतात. मग कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. माहलर यांच्या डॉक्टरांपाशी जंतू होता, औषध नव्हते. आजच्या डॉक्टरांपाशी औषधे आहेत आणि पुष्कळदा जंतूच सापडत नाही. कोणता जंतू आणि तो कोणत्या औषधाला मरतो हे न कळता प्रतिरोधाशी लढणे म्हणजे अंधारात तीर मारणे. म्हणून झडपेचा दोष असलेल्या रुग्णाला ताप आला, की पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्ताचे नमुने घेणे हा नियम झाला.

२३/ जंगलातील गावात प्रतिजैविक शिस्तीने देता येते का? या प्रश्नाचे उत्तर वैनगंगेपलीकडेच मिळाले होते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. जंतुदोषाची ठरावीक लक्षणे, तोंडावाटे कोट्रायमोक्झॅझोल, जेंटामायसिनची मोजकी इंजेक्शने आणि प्रत्येक मात्रेची नोंद. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. एंडोकार्डायटिस हा गावात बरा करण्याचा आजार नव्हे. तरीही नेमकी मात्रा, नेमकी मुदत आणि वहीतली नोंद या तीन गोष्टी याच मुलखात साधता आल्या, एवढे यातून सिद्ध होते.

२४/ बेचाळीस दिवसांची भिंतही थोडी खचते आहे. २०१८ साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी ४०० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. डाव्या बाजूच्या झडपेचा संसर्ग असलेल्या, पण प्रकृती स्थिरावलेल्या निवडक रुग्णांना किमान दहा दिवस शिरेवाटे औषध देऊन पुढे गोळ्या दिल्या, तरी निकाल खालावला नाही. मात्र त्यांचा जंतू ओळखलेला होता, औषधे त्यावरून निवडलेली होती आणि तपासण्या नियमित होत्या. एमआरएसएसारख्या चिवट जंतूंना हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. मुदत कमी झालेली नाही. तिचा काही भाग घरी नेण्याची सोय दिसू लागली आहे.

२५/ सर्वांत स्वस्त उपाय मात्र या सगळ्याच्या आधीचा आहे. मुलाच्या घशाला स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होतो, त्यातून संधिवाताचा ताप उद्भवतो आणि झडप कायमची बिघडते. असा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले, तर झडप अधिक बिघडण्यापासून वाचते. विशेष म्हणजे घशातला हा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलीनला मरतो. ऐंशीहून अधिक वर्षांच्या वापरानंतरही त्याच्यापुढे ते सर्वांत जुने शस्त्र बोथट झालेले नाही.

२६/ बोर्निओ, निमोडी आणि अरारातच्या मातीने माणसाला एकामागून एक औषधे दिली. जंतूंनी बहुतेकांवर तोड काढली. १९४४ पासून टिकून राहिला आहे तो एक नियम : योग्य औषध, पुरेशी मात्रा, पूर्ण मुदत. ब्रुकलिनमध्ये तो नियम पाळण्यासाठी औषधाची टाकी लागली, पिंपरीत कारखाना लागला. गोंडपिपरीत तो पाळायचा तर कल्चरची बाटली, बेचाळीसाव्या दिवसापर्यंत रुग्णाला थांबता येईल अशी व्यवस्था आणि एकविसाव्या दिवशी न चुकता मिळणारे इंजेक्शन लागेल. पुढचे औषध कोणत्या मातीतून येईल ते येईल; आहेत त्या औषधांचे आयुष्य या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.